आईची अट आणि आमची पिकअप

गाडीच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये, हे आधीच सांगून ठेवतो. माझी पिकअप एकोणीस वर्षांची आहे, माझ्या दुकानातल्या निम्म्या गाद्या तिनेच घरोघर पोचवल्यात, आणि तिच्या पोटात कुठे दुखतंय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. म्हणूनच, दोन वर्षं विनवण्या केल्यावर आई एकदाची आमच्याकडे राहायला यायला तयार झाली, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "टेम्पोबिम्पो काही नको. तुझं सामान मीच आणतो."

आई एकटी राहायची. मध्यंतरी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि तीन तास उठताच आलं नाही. हे तिने आम्हाला आठवड्याने सांगितलं, तेही फरशी पुसायला कुठलं फडकं चांगलं या विषयावर बोलता बोलता. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो.

पण होकार देतानाही आईने अट घातलीच. "तुझ्या त्या खटाऱ्याचा मला भरवसा नाही. वाटेत एकदा जरी बंद पडली ना, तर मी तिथूनच परत फिरेन."

"माझी गाडी? बंद पडेल?" मी हसलो.

दुसऱ्याच दिवशी ती भर चौकात बंद पडली.

पुन्हा सुरू केली, सुरू झाली. वळणावर परत बंद. रविवारी आईला आणायचं होतं आणि आज सोमवार! मी घामाघूम होऊन गॅरेज गाठलं. मेकॅनिकला गाडीची किल्ली दिली. तेवढीच दिली हं, जुडग्यातून काढून. माझ्या जुडग्यात दुकानाची दोन शटरं, गोदाम, घर, बायकोचं कपाट, ताईचा फ्लॅट, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आणि इमारतीची टाकी, असं सगळं असतं. लोक विश्वासाने देतात. असा जुडगा मी कुणाच्या हाती देत नाही.

मेकॅनिकने डिझेल फिल्टर बदलला, वीस किलोमीटर फिरवून आणली. "लोण्यासारखी चालतेय."

मी किल्ली जुडग्यात अडकवली आणि निघालो. रेल्वे फाटकापाशी बंद.

बुधवारी त्याने पंप उघडला. गुरुवारी बॅटरीच्या तारा आवळल्या. त्याच्या हातात गाडी कुरकुरतसुद्धा नव्हती. शेवटी तो हात पुसत म्हणाला, "काका, राग मानू नका. दोष गाडीत नाही."

"मग कशात आहे?"

तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

शुक्रवारी बायकोने तिच्याकडची जादा किल्ली घेतली आणि सबंध गाव पालथं घालून आली. एकदाही बंद नाही. "रविवारी मीच चालवते," ती म्हणाली.

"आई माझी आहे, गाडी माझी आहे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर शनिवारी रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आई परत फिरली, पुन्हा पडली, आणि या वेळी फोनच आला नाही तर? तेही माझ्या हट्टापायी!

रविवारी सामान चढलं. शिलाई मशीन, लोखंडी कपाट, अकरा कुंड्या. आईने दाराला कुलूप लावलं, क्षणभर त्यावर हात ठेवला आणि वीतभर लांबीची ती लोखंडी किल्ली माझ्या हातात दिली. "आता तूच ठेव." मी ती जुडग्यात अडकवली.

पहिल्याच खड्ड्यात गाडी बंद!

"सिग्नल आहे का?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणालो. आजूबाजूला नुसतं माळरान होतं.

पुढच्या गतिरोधकावर बंद. पुलावर बंद. मी इंजिनाचा आवाज ऐकायला गाडीतला रेडिओ बंद केला, आईने तो परत लावला. पाचव्यांदा बंद पडली तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "आई, तुझी अट माझ्या लक्षात आहे. पण परत जाऊ नकोस गं. तिकडे तू एकटी, मला तुझी फार काळजी वाटते."

आई माझ्या गुडघ्याकडे बघत होती.

"दर वेळी आधी माझा रेडिओ गप्प होतो, मग गाडी," ती म्हणाली. "खड्डा आला की हे तुझं लोढणं झोका घेतं आणि किल्ली उलटी फिरते. सगळ्या जगाच्या किल्ल्या त्या एवढ्याशा भोकाला टांगल्यात, ते बिचारं झिजून ढिलं झालंय. काढ तो जुडगा."

मी जुडगा काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि नुसती गाडीची किल्ली लावली. पुढचे तीस किलोमीटर आमची पिकअप नव्या नवरीसारखी चालली.

"म्हणजे... परत नाही ना जायचं?" शेवटी मी विचारलं.

"गाडी कुठे बंद पडली? तूच बंद पाडत होतास," आई म्हणाली. "ज्याला स्वतःच्या गुडघ्याशी काय लोंबतंय ते पन्नाशीत दिसत नाही, त्याला सोडून मी कुठे जाऊ? मलाही तुझी काळजी वाटते."

तेव्हापासून आई आमच्याकडे आहे आणि जुडगा तिच्या उशाखाली. रोज सकाळी कुठे निघालो, कधी येणार, डबा घेतला का, हे सगळं सांगितल्याशिवाय मला दुकानाची किल्ली मिळत नाही. मेकॅनिकने विचारलं तेव्हा मी "वायरिंगचा प्रॉब्लेम होता" असं म्हणून वेळ मारून नेली होती. पण परवा दुकान बंद म्हणून तो गादी न्यायला घरी आला आणि दार आईने उघडलं, जुडगा हातात घेऊनच.