दहापैकी दहाचं पत्र

सासूबाईंना पत्र लिहायचं आणि त्यात दहापैकी दहा मार्क मिळवायचे, असा निश्चय जावईबापूंनी रविवारी सकाळी दाढी करताना केला. अर्ध्या गालावर साबण असताना केलेले निश्चय सहसा टिकत नाहीत. हा टिकला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

सासूबाई म्हणजे छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांना पत्र पाठवलं की उत्तर येत नसे. तेच पत्र परत येत असे, लाल शाईने तपासून, खाली मार्क देऊन. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी जावईबापूंचा उच्चांक होता साडेपाच. (त्यातला अर्धा अक्षरासाठी. तसं कंसात लिहिलेलं होतं.) मराठीत लिहायची सोय नव्हती का? होती. पण लग्न ठरवायच्या बैठकीत "ऑफिसात माझं सगळं काम इंग्रजी पत्रव्यवहाराचंच" अशी फुशारकी त्यांनी स्वतःच मारली होती. ती आता निस्तरत होते.

या वेळी मात्र प्रश्न नुसत्या मार्कांचा नव्हता. दहा तारखेला सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पुढचे तीन महिने त्यांनी आपल्याकडे राहावं, असं बायकोच्या मनात होतं. पण सासूबाई बोलावल्याशिवाय कुठे जाणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि फोनवरचं बोलावणं त्या धरत नसत. "फोनवर माणूस जिभेनं बोलतो, कागदावर मनानं," असं त्यांचं मत. म्हणजे पत्र लिहिणं आलं.

दोन पत्रं आधीच नापास झाली होती. पहिल्यात जावईबापूंनी लिहिलं होतं, 'वुई होप यू विल कम.' समासात शेरा आला: "होप पावसाची करतात. माणसाला बोलावतात. चार." मग त्यांनी जरा जोर लावून लिहिलं, 'वुई एक्स्पेक्ट यू ऑन द फिफ्थ.' शेरा: "एक्स्पेक्ट पार्सल करतात. मी पार्सल नाही. साडेतीन." आणि त्याखाली, काळ्या शाईत: "मी माझ्या घरीच बरी. नर्स बघून ठेवली आहे."

ती काळी ओळ वाचून बायकोने धुतलेलेच पेले पुन्हा धुवायला घेतले.

"अहो," पाठमोरीच म्हणाली, "एक पत्र. एकच. पण धड लिहा."

"धडच लिहितो मी! रोज चाळीस पत्रं लिहितो ऑफिसात!"

"आणि शेवटी काय लिहिता?"

"'लुकिंग फॉरवर्ड टु युअर अर्ली रिप्लाय.'"

"बघता का वाट?"

"कोणाची?"

"उत्तराची."

"छे! उत्तर आलं की काम वाढतं."

"झालं तर मग! आईला हेच कळतं. खोट्या वाक्याचा तिला वास येतो."

जावईबापूंना हे लागलं. त्यांनी माळ्यावरून जाडजूड डिक्शनरी काढली (ती आधी पायाच्या बोटावर पडली, मग हातात आली) आणि ठरवलं की वाट पाहण्याचा जो शब्द आपल्या बाबतीत खरा असेल तोच लिहायचा, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही.

'लुकिंग फॉरवर्ड' म्हणजे आनंदाने वाट पाहणे. ते आरशासमोर उभे राहिले. सासूबाई टॅक्सीतून उतरताहेत, हातात लाल पेन आहे, असं डोळ्यांसमोर आणलं आणि चेहऱ्यावर आनंद उमटतोय का ते बारकाईने पाहू लागले.

"दाढ दुखतेय का?" बायकोने दारातून विचारलं.

तो शब्द त्यांनी खोडला. मग सापडला 'अँटिसिपेट': येणारं आधीच ओळखून त्याची तयारी करून ठेवणे. जावईबापूंनी मांडीवर थाप मारली. आनंद काही मागवून येत नाही, पण तयारी? तयारी करणं माणसाच्या हातात आहे! आधी तयारी करायची, मगच शब्द लिहायचा. दहापैकी दहा.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. बायको कामावर गेल्याबरोबर पलंग हाती घेतला. उठताना गुडघा कमी वाकावा म्हणून चारी पायांखाली लाकडी ठोकळे सारले. थोडं आणखी उंच बरं, म्हणून दुसरे ठोकळे. एक पाय डुगडुगायला लागला, म्हणून सगळीकडे तिसरे. संडासात हाताला धरायला दांडी ठोकली. (ठोकताना एक फरशी फुटली, पण दांडीमागे दिसत नव्हती.) मग नजर गेली बाथरूमच्या उंबरठ्याकडे. चांगला चार बोटं उंच! ऑपरेशन झालेला पाय यात अडकणार नाही तर काय? छिन्नी-हातोडी घेऊन त्यांनी दोन तासांत तो साफ उडवला, धूळ झाडली आणि घामेजल्या हातांनी पत्राला बसले. 'वुई अँटिसिपेट युअर अरायव्हल' हे वाक्य लिहिताना त्यांचा ऊर भरून आला. नऊ वर्षांतलं पहिलं खरं वाक्य!

मसुदे चार झाले. पेन शाईचं, कारण बॉलपेनला सासूबाई अर्धा मार्क कापत. शाई वाळावी आणि चारांतला उत्तम निवडता यावा म्हणून चारही कागद त्यांनी हॉलच्या फरशीवर रांगेने मांडले, आणि अंमळ आडवे झाले.

संध्याकाळी बायको कामावरून आली ती तडक अंघोळीला गेली.

तो उंबरठा इतकी वर्षं एकच काम करत होता, हे जावईबापूंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्या चपला पोहत पोहत सोफ्याखाली निघाल्या होत्या. चारही कागद त्यांच्यामागून निळे निळे होत चालले होते.

"बादली थांबव!" ते ओरडले.

"ऐकू येत नाही!" आतून आवाज आला, आणि दुसरी बादली ओतली गेली.

तेवढ्यात घंटी वाजली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका. "अहो, वरून गळतंय! गिऱ्हाइकाचे कोट टांगलेत खाली!"

पुढचा तासभर घरातलं यच्चयावत कापड फरशी पुसत होतं. शेवटी बायको खुर्चीवर पाय देऊन त्या उंच पलंगावर चढली, ओले पाय अधांतरी लोंबकळत ठेवून बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली.

"आई इथे असती ना, तर उंबरठ्यालाही मार्क दिले असते," ती म्हणाली. "पण ती कसली येतेय. नर्सच येणार."

हातातला पिळलेला पंचा खाली टाकून जावईबापू तरातरा आत गेले, ऑफिसच्या बॅगेतून एकुलता एक कोरडा कागद काढला, मिळालं ते बॉलपेन उचललं आणि डिक्शनरी न उघडता दहा मिनिटांत पत्र खरडलं. इंग्रजीच होतं, पण अनवाणी धावणारं. मजकूर असा: "बाथरूमचा उंबरठा तुमच्यासाठी फोडला. पाणी हॉलमध्ये आलं. पलंग इतका उंच झाला आहे की त्यावर आमच्यापैकी कोणी झोपू शकत नाही. नर्सचं वाचल्यापासून तुमची मुलगी धुतलेले पेले धुते आहे. पेले झिजतील. पाच तारखेला सकाळी मी टॅक्सी घेऊन येतो. बॅग भरून ठेवा."

ओल्या पँटनेच जाऊन त्यांनी ते पेटीत टाकलं.

या वेळी पत्र परत आलं नाही. काहीच आलं नाही. पाच तारखेला जावईबापू ठाम पावलांनी सासूबाईंच्या घराचा जिना चढले, तर सासूबाई दाराशीच खुर्ची टाकून बसलेल्या. शेजारी बॅग. भरलेली.

टॅक्सी सुरू झाल्यावर त्यांनी पर्समधून पत्र काढून दिलं. खाली लाल शाईत: "तीन."

"तीन?"

"बॉलपेन. पाण्याचे डाग. स्पेलिंगच्या चुका पाच. आणि वाट पाहण्याचा एकही शब्द नाही. मुख्य प्रश्नच सोडलात."

"मग, आई... आलात कशा?"

"मार्क भाषेचे असतात, जावईबापू." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "यायचं की नाही, ते मी वेगळं तपासते."

दारात मायलेकींची भेट झाली आणि पेले त्या दिवसापुरते वाचले. पलंग मात्र ठोकळ्यांवरून उतरवावा लागला. मग सासूबाईंनी वही मागवली. "तीन महिने आहेत. रोज संध्याकाळी एक वाक्य. आज 'लुकिंग फॉरवर्ड'. खरं असेल तेच लिहा."

जावईबापूंनी पुष्कळ विचार केला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु माय डिनर.'

सासूबाईंनी वाचलं, चष्मा सारखा केला आणि लाल पेनाने लिहिलं: नऊ.

"नऊ!" जावईबापू खुर्चीतून उठलेच. "अगं, ऐकलंस का? नऊ! पण आई, एक कशाचा कापला?"

स्वयंपाकघर अंधारं होतं. आईच्या शेजारी पाय पसरून बसलेली बायको म्हणाली, "अहो, आज स्वयंपाक तुमच्याकडे ठरला होता ना?"

"त्याचाच एक कापला," सासूबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "इथे आधी 'अँटिसिपेट' हवं होतं."