दस्तगीरचाचांचा तवा

दस्तगीरचाचा रोज सकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्यात तवा बुडवायचे. भाकरीचाच तवा, लोखंडी, चांगला हातभर रुंद. त्याला तीन भोकं पाडून साखळी बांधलेली आणि साखळीला मीटरामीटरावर तांबडी चिंधी. घाटावर म्हशी धुणारे गवळी हात थांबवून बघत बसायचे. "चाचा, पिठाचा डबा ऱ्हायला की घरात!" असं रोज कुणीतरी ओरडायचंच. चाचा मागं न बघता ओरडायचे, "तू म्हस धू गुमान!"

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी नवाकोरा ओव्हरसियर, चाचा आमच्या पाटबंधारेच्या हापिसातले जुने मिस्त्री. तलावात गाळ किती साठलाय ते काढायचं होतं आणि त्यासाठी पुण्याहून खोली मोजायचं मशिन आलं होतं. होडीला बांधलेल्या डब्यातून आवाज खाली जायचा, तळाला आपटून वर यायचा, आणि त्याला किती वेळ लागला त्यावरून सुई कागदावर खोलीची रेघ ओढायची. पुण्याचं म्हणून चाचा त्याला 'पावणं' म्हणत. ते तवा मशिनच्या बरोबर खाली दोन मीटरवर सोडायचे, म्हणजे आवाज त्यालाच आपटून परत यायचा. पावण्यानं दोन म्हणायचं. नाही म्हटलं तर बटण केसभर फिरवायचं. मग चार मीटर, मग सहा.

"आधी म्हाईत हाय त्येवढं इचारायचं," चाचा सांगायचे. "त्ये खरं बोललं, तर म्हाईत न्हाय त्ये इचारायचं."

यात सकाळचा तास जायचा. दुपारी जेवण झालं की पुन्हा तवा. मी एकदा वैतागून म्हटलं, "चाचा, सकाळीच झालंय की!" त्यांनी माझा हात धरून कोपरापर्यंत पाण्यात घातला. "गरम लागतंय न्हवं? गरम पाण्यात आवाज पळतोय. लवकर परत येतोय. पावण्याला वाटतंय, तळ वर आला. चार बोटांचा फरक पडतोय, साहेब." पुस्तकात मी हेच वाचलं होतं. पण पुस्तकाला कोपर नसतं.

ही खोड त्यांना साऱ्या जगाशी होती. बाजारात जाताना पिशवीत मापलेला किलोचा दगड असायचा. आधी तो तागडीत, मग वांगी. नव्या डॉक्टरला ते पहिल्यांदा दुखत नसलेला गुडघा दाखवायचे. मी रुजू झालो त्या दिवशी मला विचारलं, "साहेब, रंकाळा कंच्या अंगाला हाय वो?" आम्ही रंकाळ्याच्या काठावरच उभे होतो. मी बोट दाखवलं. तेव्हा कुठं त्यांनी मला चहा पाजला.

आणि अशा माणसाकडून मला होकार आणायचा होता. मशिन आता सहा महिने लांबलांबच्या धरणांवर जाणार होतं, मुक्काम तिथंच. मोठ्या साहेबांना सोबत चाचाच हवे होते. "निवृत्तीला आलेला माणूस, जबरदस्ती नको. तू गोड बोलून हो म्हणव," असं मला सांगितलेलं. मी रोज विषय काढायचो. चाचा रोज म्हणायचे, "बघू की." आणि पाचाचा भोंगा झाला की होडी असेल तिथून काठाला, काठावरून सायकलीवर. पाच मिनिटंसुद्धा जास्त थांबायचे नाहीत. हापिसात सगळे हसायचे. चाचा बायकोला भितात म्हणे.

चाचांशिवाय भागेल का, हे बघायला एके दिवशी साहेब स्वतः होडीत बसले. तवा नको म्हणाले. स्वतःच बटणं फिरवली, भराभर रेघ काढली आणि खूश होऊन परत घाटाला आले. घाटाशी मशिन नऊ मीटर सांगत होतं. साहेबांनी मान वर केली. शेजारीच गुडघाभर पाण्यात एक म्हैस रवंथ करत उभी होती.

चाचा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. फक्त म्हणाले, "म्हस उंच आसंल, साहेब."

साहेबांनी त्याच संध्याकाळी मला बजावलं, "काहीही कर, उद्या होकार पाहिजे." म्हणून मी सायकल काढून चाचांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो.

चाची दारात पाठमोऱ्या बसल्या होत्या. चांदीकामाच्या हुपरीची लेक; पैंजणांना घुंगरं लावायचं काम घरी आणायच्या. मी "चाची" म्हणून हाक मारली, दोनदा मारली. त्या वळल्या नाहीत. चाचा पुढं गेले, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि समोर मांडी घातली. चाचींनी दिवसभराची पैंजणं पुढं केली. चाचांनी एकेक उचलून कानाशी धरलं, डोळे मिटून हलवलं. एका पैंजणातल्या घुंगरावर नख ठेवलं. चाचींनी ते लगेच उचकटून काढलं.

"आतला दाणा आडकला की घुंगरू मुकं हुतंय," चाचा हळू म्हणाले. हळू बोलायची गरज नव्हती, पण म्हणाले. "हिचं कान गेलं, साहेब, दोन वर्सं झाली. हिच्या हातासारखं काम समद्या हुपरीत न्हाय. पर व्यापाऱ्याला कळलं तर काम बंद. एक मुकं घुंगरू गेलं तरी त्येला कळंल. काम ग्येलं तर ही जगायची न्हाय." मग म्हणाले, "आता सांगा, सा म्हैनं मी कसा जाऊ?"

हापिसात त्या हसणाऱ्यांत मीही होतो, याची मला मनापासून लाज वाटली.

चाचा चहा टाकायला आत गेले. तेवढ्यात चाचींनी नवं घुंगरू बसवलं, जरा थबकल्या, आणि ते पैंजण माझ्या कानाजवळ धरून हलवलं. हाताकडं बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडं बघत होत्या. घुंगरू छान वाजत होतं. मी मान हलवली. त्या हसल्या आणि पैंजण बाकीच्यांत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, चाचांना इथंच राहू द्या, सहा महिने तवा घेऊन मी जातो.