तिकडील प्रथांचे मानद सल्लागार

परदेशात शिकून आलेल्या माणसाच्या सामानाची तपासणी विमानतळावर होते आणि त्याची स्वतःची तपासणी घरच्या दिवाणखान्यात होते. पहिली लवकर आटोपते. दुसरीत प्रश्न एकच असतो, 'तिकडे कसं असतं?', पण त्याचं समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय उमेदवाराला आत घेतलं जात नाही.

या कथेतले चिरंजीव, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या घरातलं एकुलतं एक अपत्य, दोन वर्षं तिकडे राहून साठवण व्यवस्थापन शिकून आले होते. माल कुठे ठेवला असता हवा तेव्हा सापडतो, याचं ते शास्त्र. तिकडे त्यांची खोली तळघरात होती. विद्यापीठातला त्यांचा विभागही तळघरात होता, कारण विषयच तसा होता. खर्च भागवायला ते ज्या हॉटेलात चादरी धूत, तिथलं धुलाईघर तर तळघराच्याही खाली होतं. खोलीला छताजवळ एक आडवी खिडकी होती आणि तिच्यातून तिकडचे लोक घोट्यापर्यंत दिसत. दोन वर्षांत चिरंजीवांचा तिकडच्या बुटांचा अभ्यास चांगला झाला. बुटांच्या वर काय चालतं याची मात्र त्यांना फारशी कल्पना नव्हती.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मावशीनं चौकशी केली, तेव्हा ते भाबडेपणानं खरं बोलून गेले.

"तिकडे कोणाच्या घरी जेवायला गेलं की कसं असतं रे?"

"माहीत नाही गं मावशी. मला कोणी बोलावलंच नाही."

मावशी चहा अर्धा टाकून उठली. ती गेल्यावर आईनं कप विसळता विसळता, वर न बघता म्हटलं, "माहीत नाही म्हणायला तुला एवढ्या लांब कशाला धाडायला हवं होतं? ते तुला इथेही येत होतं की."

हे चिरंजीवांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर त्यांनी कोणालाही रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. तिकडे लोक जेवताना बोलत नाहीत. तिकडे भिंतीवरचं घड्याळ जरा मागेच ठेवतात, म्हणजे मन शांत राहतं. तिकडे पाहुणे कधी येणार ते सांगत नाहीत, पण कधी जाणार ते आधी कळवतात. ऐकणारे मान डोलवत, 'म्हणून तर ते पुढे गेले' असं म्हणत आणि घरी जाऊन घड्याळ मागे करत. आई दाराआडून ऐकत असे आणि तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून चिरंजीवांना आणखी सुचत असे. नोकरीचा मात्र अजून पत्ता नव्हता, आणि दिवसभर घरी बसलेल्या माणसाला सुचायला वेळही भरपूर असतो.

अशात इमारतीची लिफ्ट तळमजल्यावर उभी राहिली ती हलेचना. समितीचे सचिव चौकशीला वर आले. या गृहस्थांनी एका कार्यालयात उभा जन्म आवक-जावक सांभाळली होती. ते निवृत्त झाले होते, त्यांची भाषा अजून सेवेत होती.

"लिफ्ट बंद पडल्याची बाब समितीच्या विचाराधीन आहे," सचिव दारातच उभे राहून म्हणाले. "ती दुरुस्त करावी किंवा कसे, याबाबत तिकडील पद्धत काय आहे?"

चिरंजीव तिकडे एकदाही लिफ्टमध्ये चढले नव्हते. तळघरात राहून तळघरात शिकणाऱ्या माणसाला लिफ्टचं काय काम? पण मुलाखतीसाठी एका कंपनीचा फोन यायचा होता आणि सचिव दारातून हलत नव्हते.

"तिकडे लिफ्ट कोणी वापरतच नाही," चिरंजीवांनी ठोकून दिलं. "सगळे जिन्यानं जातात. तब्येतीसाठी."

"वृद्धसुद्धा?"

"वृद्ध तर आधी."

सचिवांचा चेहरा उजळला. दुरुस्ती करायची म्हणजे मिस्त्री शोधायचा, त्याच्यामागे लागायचं, शिवाय काम झाल्यावर शिव्या खायच्या. ते सगळं एका वाक्यात टळलं होतं. त्यांनी चिरंजीवांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. कंपनीचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'प्रगत राष्ट्रांतील प्रथेस अनुसरून सदर लिफ्ट दुरुस्त न करण्याचे धोरण सर्वानुमते स्वीकारण्यात आले असून, रहिवाशांनी आपापल्या तब्येतीचा लाभ घ्यावा.'

ही सूचना घरोघरीही वाटली गेली. वडिलांनी ती दोनदा वाचली आणि आईला पाठ म्हणून दाखवली. वडिलांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तरी रोज संध्याकाळी ते लिफ्टनं खाली उतरत आणि फाटकासमोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसत. शिंपी मशीन चालवायचा, वडील त्याला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि प्रत्येक बातमीवर दोघं कडाडून भांडायचे. आईच्या मते वडील दिवसभरात तेवढा वेळच जिवंत असत. त्या संध्याकाळी ते कठडा धरून जिन्यानं गेले आणि आले. येऊन खुर्चीत बसले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"तिकडचे लोक उगीच नाही पुढे गेले," धाप जरा ओसरल्यावर ते म्हणाले, आणि मुलाकडे बघून अभिमानानं हसले.

चिरंजीवांनी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई पाण्याचा पेला घेऊन आली. तिच्यादेखत बोलायचा धीर त्यांना झाला नाही.

बंद लिफ्ट रिकामी ठेवणं सचिवांना पटेना. आत दिवा होता, पंखा होता आणि आरसाही होता. त्यांनी तिच्यात टेबल-खुर्ची टाकली आणि 'समिती कार्यालय' अशी पाटी लावली. तक्रारी तिथेच स्वीकारल्या जाऊ लागल्या. लिफ्ट बंद असल्याची तक्रार घेऊन एक बाई आल्या, तेव्हा सचिवांनी त्यांना लिफ्टमध्ये बसवून घेतलं, शांतपणे ऐकलं आणि जिन्यानं वर पाठवलं.

मग प्रश्न आला बाकाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिन्याच्या वळणावर एक लाकडी बाक होता. तिथे वडील आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण वर येताना टेकत आणि त्यामुळे वाहतुकीस अडथळा होई. सचिवांनी चिरंजीवांना कार्यालयात बोलावलं. टेबलावर एक नवी कोरी पाटी ठेवलेली होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं: 'मानद सल्लागार, तिकडील प्रथा'.

"आपल्या दारावर लावण्यासाठी," सचिव म्हणाले. "बाकी तिकडे लोक जिन्यात मधे बसतात का हो?"

चिरंजीव पाटीकडे बघत राहिले. मुलाखती देऊन देऊन त्यांच्या एकुलत्या चांगल्या सदऱ्याची कॉलर विरली होती, आणि जगानं त्यांना देऊ केलेलं हे पहिलंच पद होतं. बाक कोणासाठी आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पाटीची अक्षरं मात्र फार सुरेख होती.

"नाही," ते म्हणाले. "तिकडे मधे कोणी थांबत नाही."

बाक गेला आणि पाटी आली. आईनं ती रोज पुसायला घेतली. वडिलांनी त्यानंतर चार-दोनदा खाली जाऊन पाहिलं आणि मग ते खिडकीत बसू लागले. संध्याकाळी ते वरून फोन लावत, खालून शिंपी उचलत असे आणि दोघं एकमेकांकडे बघत फोनवर बोलत. पण एका हातानं मशीन चालत नाही आणि मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. भांडण रंगेना. हळूहळू वडील वर्तमानपत्र मनातच वाचू लागले, आणि एका संध्याकाळी त्यांनी ते उघडलंच नाही.

त्या रात्री चिरंजीवांना जेवण गेलं नाही. आपण आपल्या बापाला चौथ्या मजल्यावर साठवून ठेवलं आहे, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली. तरीही सकाळी ते सचिवांकडे गेले ते खरं सांगायला नव्हे. आणखी एक थाप सोबत घेऊनच गेले.

"तिकडे आता लिफ्ट परत सुरू झाल्या आहेत," त्यांनी सांगितलं. "सगळीकडे."

"कधीपासून?"

"अगदी अलीकडे."

"आपण येऊन तर वर्ष होत आलं." सचिवांनी चष्मा काढून पुसला. "अलीकडचं आपल्याला कसं कळणार? राग मानू नका, पण आपलं तिकडचं जरा जुनं झालं. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी गेल्याच गुरुवारी आली आहे. सभा बोलावतो. तिला विचारू."

चिरंजीवांनी त्या मुलीला सभेआधी जिन्यात गाठलं. तिच्या बॅगेवर विमानतळाची चिठ्ठी अजून तशीच होती.

"एवढंच सांग, की तिकडे लिफ्ट चालू असतात," ते अजिजीनं म्हणाले.

"असतात का?"

"तू तिकडून आली आहेस ना!"

"मी एका दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सकाळी मागच्या दारानं वर्गात, संध्याकाळी मागच्या दारानं परत. तिकडचं पुढचं दारसुद्धा मी नीट बघितलेलं नाही."

"मग तेच सांग. माहीत नाही म्हण."

"आणि माझी आई पहिल्या रांगेत बसणार आहे, तिच्यासमोर?"

चिरंजीवांनी तिला वाट करून दिली.

सभा लिफ्टच्या दारात भरली. सचिव आत बसले आणि रहिवासी बाहेर. प्रश्न विचारण्यात आला. मुलीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "लिफ्ट? तिकडे आता जिनेसुद्धा कोणी वापरत नाही. लोक घराबाहेर पडतच नाहीत. सगळं घरातूनच करतात."

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. जिन्यातले दिवे काढून टाकण्याचा आणि झाडलोट थांबवण्याचा ठराव सचिवांनी तिथल्या तिथे मांडला.

आता मात्र चिरंजीवांना राहवलं नाही. ते उठले. "मला तिकडचं काहीएक माहीत नाही," ते ओरडले. "मी तळघरात राहत होतो! चादरी धूत होतो! मी सांगितलेलं सगळं खोटं आहे. माझे वडील वर अडकून पडलेत हो. लिफ्ट दुरुस्त करा!"

मग सचिव खुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"बघून ठेवा," ते सभेला म्हणाले. "एवढं शिकून आले, पण म्हणतात, मला काही माहीत नाही. तिकडे हा नम्रपणा शिकवतात. आपल्याकडे आहे कोणात?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अभिनंदनाचा ठराव जिन्याच्या ठरावाबरोबरच मंजूर झाला आणि जिन्यातले दिवे लगोलग उतरवले गेले.

चिरंजीव अंधारात चाचपडत वर आले. वडील खिडकीत बसले होते. त्यांच्या पायाशी बसून चिरंजीवांनी पुन्हा सगळं सांगितलं, तळघर, चादरी, बूट, बाक, काही म्हणता काही ठेवलं नाही. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे खाली कोणाला बोलला नाहीस ना?"

"सगळ्यांना बोललो. कोणाला पटलं नाही."

वडिलांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "गुडघ्यांचं काय, ते दुखणारच. पण माझा मुलगा तिकडे चादरी धुवायचा हे शिंप्याला कळलं, तर मी त्याच्यासमोर बसू कोणत्या तोंडानं?" मग त्यांनी खाली फाटकाकडे पाहिलं. "तसा आता बसतही नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीवांनी वर्तमानपत्र स्वतःच्या खिशात खोचलं आणि वडिलांना पाठीवर घेतलं. वडील नको नको म्हणत राहिले आणि गळ्याभोवती हात घट्ट आवळत गेले. ओल्या चादरींची ओझी उचलून चिरंजीवांची पाठ तयार झाली होती. तिकडच्या शिक्षणाचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग. मजल्यामागून मजला उतरत ते तळाशी आले, तेव्हा सचिव कार्यालयातून बाहेर डोकावत होते.

"तिकडे वडिलांना असंच नेतात का?" त्यांनी उत्सुकतेनं विचारलं.

चिरंजीवांना धाप लागली होती, पण या खेपेला उत्तर अगदी ओठांवर होतं. 'माहीत नाही.' ते त्यांनी म्हणण्याआधीच त्यांच्या खांद्यावरून वडिलांचा खणखणीत आवाज आला.

"तर! तिकडे सगळीच मुलं नेतात."

त्या संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात असं भांडण झालं की रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

सकाळी फलकावर नवी सूचना होती: 'तिकडील प्रथेनुसार यापुढे ज्येष्ठ रहिवाशांची ने-आण त्यांच्या मुलांनी पाठीवरून करावी. ज्यांची मुले अद्याप तिकडेच आहेत, त्यांनी मुलांच्या परतीचा दिनांक कार्यालयास कळवावा व तोपर्यंत वरच थांबावे.'

त्या इमारतीत वरच्या मजल्यांवर अशी बरीच घरं आहेत. मुलांचा विषय निघाला की तिथले आई-वडील भरभरून बोलतात आणि तिकडे काय काय असतं ते सांगतात. तिकडे लिफ्ट किती वेगानं वर जातात, हेही त्यांना पाठ आहे. दिनांक मात्र अजून एकानंही कळवलेला नाही. वाचक कितव्या मजल्यावर राहतात, याची आम्हाला माहिती नाही.