गब्बूचं अंथरूण

सिंधुताईंचं सोमवारचं मौन असे. पहाटे दिवा लावला की तोंड बंद, ते संध्याकाळच्या दिव्यापर्यंत. पाटीवर लिहिणंही त्यांना पटत नसे. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की. नेमक्या अशाच एका सोमवारी, खरं तर मंगळवारी यायच्या होत्या त्या विहीणबाई सकाळच्या एस्टीनं नांदेडात येऊन दारात उभ्या राहिल्या.

लातूरच्या सुकन्याबाई, लेकीच्या, अपूर्वाच्या सासूबाई. डोळे तपासायला आलेल्या, चार दिवस राहणार. सोवळ्याच्या कडक. म्हणूनच अण्णारावांनी आठ दिवस आधी बायकोला बजावून ठेवलं होतं, "विहीणबाईंनी नाकाला पदर लावला ना, तर त्याच दिशी गब्बूची रवानगी बिलोलीच्या शेतावर. सोयऱ्यात नाक कापून घेणार नाही मी."

गब्बू म्हातारा कुत्रा. मागचा पाय आखडलेला, एका डोळ्यानं धूसर. शेतावरची तरणी कुत्री त्याला बांधावर तरी टेकू देतील का, हीच सिंधुताईंना काळजी. गब्बूला काही वास नव्हता. वास होता त्याच्या अंथरुणाला. तेव्हा त्यांनी ती जाड गोधडी खायचा सोडा भुरभुरून झटकली, ओल्या हातानं केस काढले, कडुलिंबाच्या पाल्याच्या कढत पाण्यात भिजवली, काठीनं बडवली, गच्चीवर दोन्ही बाजूंनी उन्हं दाखवली. तरी मन भरेना, म्हणून प्रत्येक घडीत कापूर चुरून ठेवला. सोमवारी सकाळी ती गोधडी गच्चीवरून आणून तात्पुरती देवघराच्या उंबऱ्याशी घडी करून ठेवलेली होती, आणि तिचा वास एखाद्या गाभाऱ्यासारखा येत होता.

सुकन्याबाई हातपाय धुऊन आल्या, गळ्यातलं इष्टलिंग हाती घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, पूजेला बसते बरं का. आसन लई सुरेख ठेवलंय."

आणि गोधडी पसरून त्या बसल्यासुद्धा.

 सिंधुताईंनी दोन्ही हात जोडले, मान जोरात हलवली.

"काय म्हणतात या?" सुकन्याबाईंनी विचारलं.

"आज मौन हाय तिचं," अण्णाराव सरसावले. बायकोच्या खुणा आपल्याला तोंडपाठ आहेत अशी त्यांची समजूत होती. "संकोच करू नका म्हणती. बसा निवांत."

सिंधुताईंनी गोधडीकडे बोट केलं, मग गब्बूकडे.

"तुमच्यासाठीच धुतलंय म्हणती. आन कुत्र्याला भिऊ नका, गरीब हाय."

त्यांनी हताश होऊन गालाखाली दोन्ही तळवे जोडले, डोळे मिटले.

"दुपारी जरा पडा म्हणती. प्रवासाचा शीण असंल."

"किती जीव लावतात ओ," सुकन्याबाई गहिवरल्या. पूजा झाली, जेवण झालं, आणि विहिणीचा शब्द मोडू नये म्हणून दुपारी त्या त्याच गोधडीवर आडव्या झाल्या. गब्बू आला, जागा भरलेली पाहिली, आणि शेजारी उघड्या फरशीवर पाय ओढत बसला.

सिंधुताईंच्या मनात दिवसभर एकच. बोललं नाही तर गब्बू वाचतो. पण मौन हे देवाला वाहिलेलं; त्याच्या आडून खोटं कसं लपवायचं? आणि एका जिवाची पूजा बाटवून दुसरा जीव वाचवायचा, हे महादेवाला तरी कसं सांगायचं?

संध्याकाळी दिवा लागला. 'नमः शिवाय' म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि एका दमात सांगून टाकलं, "ताई, ते आसन न्हाई. गब्बूचं अंथरूण हाय. स्वच्छ हाय, पर त्याचंच हाय. माझं चुकलं."

अण्णाराव घाईनं पुढे झाले. "ताई, उद्याच्या उद्या शेतावर पाठवतो बगा याला."

 सुकन्याबाईंनी खाली वाकून फरशीवर तळवा ठेवला.

"म्हणजे हा दुपारधरून या गार फरशीवर हाय?"

"हाव," सिंधुताई पुटपुटल्या.

"आन मी घोरत पडले त्याच्या जागेवर." त्यांनी गोधडी गब्बूपुढे सरकवली. गब्बूनं हुंगलं, शिंकला, तोंड फिरवलं. "कापूर लई घातला ताई तुमी. त्याला त्याचं घर कसं सापडावं यात?" त्या कडेला टेकल्या आणि गोधडी थोपटू लागल्या. बराच वेळ थोपटली. शेवटी गब्बू आला, गोल गोल फिरला आणि त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून पसरला.

"पूजेचं मी देवाशी बघते, त्याला समजतं," त्या म्हणाल्या. "आन अण्णा, शेतावर कशाला? पाठवायचाच तर लातूरला पाठवा. माझ्यासंगं नेते. मोठं घर हाय, दिवसभर मी एकलीच असते."

अण्णारावांनी घसा खाकरला. गब्बूकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"ते कसं जमंल ताई? रोज सकाळी दूध आणायला माझ्यासंगं कोण यायचं? आन त्याला नांदेडचंच पाणी मानवतं. घरचा हाय तो."

सिंधुताईंचं मौन मघाच सुटलं होतं. तरी त्या काही बोलल्या नाहीत. देवघराकडे वळून त्यांनी वात जरा पुढे सारली.