गार्डकाकांचा सातचा कुकर

आमच्या अपार्टमेंटात संध्याकाळी बरोब्बर सात वाजता हिरवा झेंडा निघतो. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत साठी ओलांडलेला एक माणूस उभा राहतो, मनगटावरचं घड्याळ बघतो आणि झेंडा हलवतो. त्याचा अर्थ इतकाच, की कुकर लागला. ज्याची डाळ आली ती आली, ज्याची राहिली त्याने आपलं बघावं. जुळे सोलापुरात भाड्याने जागा बघायला येणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ येतात.

ह्या गृहस्थांचं नाव मधुकर ढवळे. रेल्वेत गार्ड होते, उभी नोकरी कुर्डुवाडीला काढली, म्हणून सगळे त्यांना गार्डकाका म्हणतात. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. काकू तीन वर्षांपासून पुण्याला मुलाकडे आहेत, नातवाला सांभाळायला. मुलाचं घर दोन खोल्यांचं, त्यात काकूच कशाबशा मावतात. काका म्हणतात, "तितं माझा बर्थ कन्फर्म न्हाय." म्हणून ते इथे एकटे असतात आणि त्यांचा सगळा रिकामा वेळ आमच्या वाट्याला येतो.

महागाई काय, सगळ्यांनाच आहे. आपण भाव ऐकतो, मनातल्या मनात चार शिव्या देतो आणि पाव किलोच्या जागी आतपाव घेतो. काकांना महागाई म्हणजे आपल्यावर सोपवलेली ड्यूटी वाटते. सकाळी मंडईतून आले की जिन्यातच सुरू होतात. "टमाटे चढले! दोडका उतरला! तेलाची चौकशी करू नका!" मी शाळेच्या घाईत एका हाताने पोळ्या लाटत असते, आणि दारातून आवाज येतो, "बाई, आज वांगी घेऊ नका. दोन दिसांत पडत्यात."

एकदा मी हौसेने फ्लॉवर आणला. काकांनी तो माझ्या पिशवीतून काढून हातावर तोलला. "निम्मा दांडाच हाय की. दांड्याचं काय करता?"

"टाकते," मी म्हणाले. तिथेच माझं चुकलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात फ्लॉवरच्या दांड्याची भाजी, दुधीच्या सालीची चटणी आणि मुळ्याच्या पाल्याचा झुणका चालू झाला. कृती काका दारात उभं राहून सांगणार, आणि झाल्यावर चव बघायला पुन्हा येणार. माझा नवरा श्रीकांत ताटाकडे बघून विचारायचा, "ह्यातली मूळ भाजी कुणी खाल्ली?"

मग एकाच आठवड्यात तूरडाळ आणि गॅस दोन्ही वाढले, आणि काकांना सामायिक कुकर सुचला. ते स्वतः, आम्ही आणि वरच्या मजल्यावरच्या हिरेमठबाई, अशा तीन घरांत मिळून एक कुकर. "तीन घरांत तीन कुकर म्हंजे तीन डब्यांना तीन इंजिनं लावल्यागत झालं की!" त्यांनी माळ्यावरून दहा लिटरचा कुकर काढला. खालच्या डब्यात डाळ, मधल्यात तांदूळ, वरच्यात काकांचा भोपळा किंवा बटाटा, जे उतरलं असेल ते. डाळ एक दिवस आमची असली की तांदूळ हिरेमठबाईंचा, दुसऱ्या दिवशी उलट. शिजलेलं तिघांनी वाटून न्यायचं, फोडणी ज्याने त्याने आपल्या घरी द्यायची. गॅसचं कसं करायचं, असं मी सुरुवातीला विचारलंही होतं. "ते इंजिन खात्याचं हाय. तुमी डब्याचं बघा," असं काका म्हणाले. आम्ही डब्याचं बघू लागलो.

शिस्त मात्र रेल्वेची. डाळ अर्धा तास भिजलेली हवी, तांदूळ दोनदा धुतलेला हवा. सात वाजून एक मिनिटाने गेलं की दारातच ऐकायचं, "गाडी सुटली." एकदा मी दारात पोचले तेव्हा कुकरचं झाकण अजून काकांच्या हातात होतं.

"अहो काका, झाकण लागायचंय अजून!"

"झेंडा दाखवलाय न्हवं का? मग आता माझ्या बापाला बी चढता येत न्हाय."

मी आठवीच्या पन्नास पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवते. ह्या माणसासमोर मी भिजलेल्या डाळीचा डबा धरून गयावया करत होते.

एका सोमवारी वेळ वाचवायला मी डाळीतच लसूण ठेचून घातला. हिरेमठबाई सोमवारी लसणाला शिवत नाहीत, हे पार विसरले. बाई कर्नाटक सीमेवरच्या दुधनीच्या, संतापल्या की कानडीत शिरतात. जिन्यात उभ्या राहून त्या जे काही बोलल्या, त्यातलं मला फक्त लसणाचं कानडी नाव कळलं. काकांनी आम्हा दोघींना खुर्च्यांवर समोरासमोर बसवून रीतसर चौकशी केली. माझी चूक असल्याचं माझ्याकडून वदवून घेतलं. मला नोकरीत आजवर कुणी मेमो दिला नव्हता, तो शेजाऱ्यांनी दिला.

गेल्या शुक्रवारी कडेलोट झाला. धाकटे दीर बायकापोरांना घेऊन न कळवता आले, सात वाजून पाच मिनिटांनी. आमचा स्वतःचा कुकर दुरुस्तीला टाकलेला, तो आणायची गरजच पडली नव्हती. मी शेजारी धावले आणि कुकर उघडून मूठभर डाळ वाढवायची विनवणी केली. काकांनी मान हलवली. "गाडी मधे थांबत न्हाय, बाई." शेवटी पाहुण्यांपुढे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवलं. जाऊबाई म्हणाली, "वा, अगदी सोलापुरी बेत!" तिचा आवाज मी ओळखते. तो टोमणा होता.

पाहुणे गेल्यावर मी जाहीर केलं, हा सामायिक कुकर बंद. श्रीकांत म्हणाला, "काकांना तूच सांग," आणि पेपरात शिरला.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी घरी येताना मनात वाक्यं जुळवत जिना चढत होते. पुढे गॅसवाला खांद्यावर टाकी घेऊन चालला होता. काकांच्या दाराशी ती उतरवून तो म्हणाला, "ह्या घरात लई टाक्या लागत्यात हो. मोठं कुटुंब हाय वाटतं?"

"नाही. एकटेच असतात."

"एकटे? मग काय रोज जेवणावळ घालत्यात?"

मी गणित शिकवते. तरी इतके महिने तीन घरांचा कुकर कोणाच्या गॅसवर शिजतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमची टाकी दुप्पट दिवस जात होती, हिरेमठबाईंचीही जात असणार. काटकसरीने आम्हाला जेरीस आणणारा हा माणूस एकटाच तोट्यात होता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. तशीच आत गेले. काका दोडक्याच्या शिरा चटणीसाठी काढून ठेवत होते.

"काका, सगळा गॅस तुमचा जळतो. ह्यात तुमची कसली बचत?"

"ते इंजिन खात्याचं..."

"खातं राहू द्या. दुरुस्तीचा कुकर आजच घेऊन येते, आजपासून आम्ही तो आमच्याकडे लावतो. तुम्हालाही बरं पडेल."

काकांनी सुरी खाली ठेवली. शिरा गोळा करून वाटीत ठेवल्या.

"बाई, पस्तीस वर्सं गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं जेवलो. पुडं समदी गाडी भरलेली. माणसं बायकापोरांत बसून जेवायची. मी आपला मागं, भिताडाकडं तोंड करून. रिटायर झालो की हिच्या शेजारी बसून जेवीन म्हटलं, तर हिची ड्यूटी पुण्याला लागली." ते किंचित हसले. "आता तुमच्याकडं ताटं वाजली की मी वाढून घेतो. तोच भात, तेच वरण. वर हिरेमठबाईंची पोरं बी तेच खात्यात. एका पंगतीत बसल्यावानी वाटतं की. त्याला गॅस लागतोय तर लागू द्या."

माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "मग रोज आमच्याकडेच या ना जेवायला."

"न्हाय, न्हाय. रोज आला की पावणा जड होतो. हे बरं हाय." मग एकदम मान वर करून, "आज डाळ तुमची हाय. भिजवली का?"

"हो," मी खोटंच बोलले. पुढची टाकी आमच्या घरून येईल, एवढं मात्र त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यावरही त्यांनी अर्धा तास हुज्जत घातली.

डाळ भिजवायची आठवण झाली ती साडेसहा उलटल्यावर, आणि सातला पाच कमी असताना डबा पोचवला. काकांनी डाळीचा दाणा नखाने दाबून बघितला, आणि ही डाळ अर्धा तास भिजलेली नाही म्हणून जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं मला झापलं. असा संताप आला की विचारू नका.

साडेआठला आम्ही जेवायला बसलो. मी ताटं मांडली तसा श्रीकांत दचकला. "अगं हळू, शेजारी आवाज जातो!"

मी भिंतीकडचं ताट उचललं आणि पुन्हा एकदा, आणखी जोरात मांडलं.