तिळभर हललेला सागरगोटा

एका जंगलात सगळ्यांना पोटापुरतं मिळायचं आणि त्यामुळे राजाला करायला काहीच उरलं नव्हतं. म्हणून तिथे गोल्फ आला.

आणला राजानेच. राजा होता वाघ. तो शेजारच्या राज्यात पाहुणचाराला गेला होता. तिथे त्याने पाहिलं, की चांगली मोठमोठी जनावरं काठीने एक गोळी मारतात. मग तिच्यामागे चालत जातात. ती सापडली की पुन्हा मारतात. शेवटी ती एका भोकात घालतात. सगळ्यांत कमी फटक्यांत जो घालेल तो जिंकला.

"यात शिकार कुठे आहे?" वाघाने विचारलं.

"शिकार नाही. यात प्रतिष्ठा आहे," यजमान म्हणाला.

वाघ परतला तो प्रतिष्ठा घेऊनच.

तर बाळांनो, आपल्या जंगलात गोळी म्हणून सागरगोटा ठरला. काठी कारवीची. भोकं खणायची गरज नव्हती, कारण जंगलात बिळं होतीच. त्यांतली अठरा बिळं राजाने निवडली आणि आत राहणाऱ्यांना कळवलं, की तुमची निवड झाली आहे, अभिनंदन, संध्याकाळपर्यंत निघा. मैदानावरचं गवत हरणांनी यापुढे खायचं नाही, त्याची फक्त वाखाणणी करायची, असंही ठरलं.

अकरावं बीळ दामूअण्णा साळिंदराचं होतं.

दामूअण्णा आणि त्यांची बायको सगुणाबाई यांनी ते लग्नाच्या वर्षी दोघांनी मिळून खणलं होतं. आता दोघं ओढ्याकाठी दोन दगडांच्या फटीत राहायची. पावसाळ्यात पाणी आत यायचं आणि सगुणाबाई दामूअण्णांना बाहेर काढायच्या.

"तुम्ही राजाकडे जाऊन मागा ना आपलं बीळ," त्या म्हणायच्या.

"मागून मिळत नाही गं. जिंकून मिळतं."

हे खरं होतं. दरवर्षी चार दिवसांचं अजिंक्यपद व्हायचं. जिंकणाऱ्याला राजाकडून एक हिरवी शाल मिळायची आणि एक मागणं मागता यायचं. म्हणून दामूअण्णा उतारवयात काठी फिरवायला शिकले. पाच वर्षं हरले. सहाव्या वर्षी मात्र काय झालं कोण जाणे, त्यांचा सागरगोटा सांगितलेलं ऐकायला लागला.

चौथ्या दिवशी दोन बिळं उरली तेव्हा दामूअण्णा एका फटक्याने पुढे होते. त्यांच्या मागे होता रणधीरराव गवा. तीन वर्षांचा विजेता. तो काठी उचलायचा तेव्हा पहिल्या रांगेतले ससे आपोआप दुसऱ्या रांगेत जायचे.

मैदानावर कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियम होता. खेळाचं वर्णन करायला टिटवी नेमली होती. ती बिचारी आपल्या परीने कुजबुजायची, आणि ते दोन डोंगरांपलीकडे ऐकू जायचं.

सतराव्या बिळाच्या अलीकडे दामूअण्णांचा सागरगोटा करवंदीच्या जाळीला टेकून थांबला. रणधीररावाचा पलीकडे जांभळाच्या मुळाशी अडकला.

दामूअण्णा खाली वाकले. आता साळिंदर वाकलं की त्याचे काटेही वाकतात. त्यांतला एक काटा सागरगोट्याला लागला. सागरगोटा हलला. किती? तिळभर.

नियम असा होता, की फटका मारण्याआधी सागरगोटा आपल्यामुळे हलला तर एक फटका जास्त धरायचा.

दामूअण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. रणधीरराव झाडाआड होता. सगुणाबाई त्यांच्या काठ्या वाहायच्या, त्या मागे राहून काठ्या मोजत होत्या. पंच होते बगळे गुरुजी. ते एका पायावर उभे राहून डोळे मिटून अत्यंत बारकाईने निरीक्षण करत होते.

कुणी पाहिलं नव्हतं. कुणी पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं दामूअण्णांना वाटलं. मग सांगावं लागलं नसतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "माझा एक फटका जास्त लिहा. सागरगोटा हलला."

बगळे गुरुजींनी एक डोळा उघडला. "मी पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

"पण पंच मी आहे."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

"दामूअण्णा, गुन्ह्याला साक्षीदार लागतो."

"साक्षीदार मी आहे की."

"तुम्ही आरोपी आहात. दोन्ही जागा तुम्हाला कशा देता येतील?"

तोवर सगुणाबाई धावत आल्या. "अहो, काय चाललंय? वाऱ्याने हलला असेल!"

"वारा नव्हता. माझा काटा होता."

"मग काट्याला बोला! तुम्ही कशाला मध्ये पडता? बीळ नकोय का तुम्हाला?"

"हवंय गं," दामूअण्णा म्हणाले. "पण आत झोप लागायला हवी ना."

हा आवाज ऐकून सगळे प्रेक्षक करवंदीपाशी गोळा झाले. आणि त्याच वेळी, मुलांनो, जांभळाखाली रणधीररावाने आजूबाजूला पाहिलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. त्याने खुराने आपला सागरगोटा मुळातून बाजूला सारला. तिळभर नव्हे. चांगला वीतभर.

हे फक्त सगुणाबाईंना दिसलं. दामूअण्णांनाही दिसलं असावं, कारण ते एकदम करवंदीकडे पाहायला लागले.

"पाहिलंत ना?" सगुणाबाई दात खाऊन म्हणाल्या.

"पाहिलं."

"मग सांगा की गुरुजींना!"

"ज्याचं त्याने सांगायचं असतं."

शेवटी बगळे गुरुजींनी पुस्तक तीनदा चाळलं आणि नाराजीने एक फटका वाढवला. दोघे बरोबरीत आले. अठराव्या बिळावर दामूअण्णांचा सागरगोटा काठावर येऊन थांबला, आत वाकून पाहिल्यासारखा, पण पडला नाही. रणधीररावाचा पडला. गवा दोनशे अठ्ठ्याऐंशी, साळिंदर दोनशे एकोणनव्वद.

घरी गेल्यावर सगुणाबाईंनी दामूअण्णांच्या पाठीवरचा तो काटा हुडकला आणि उपटला. "हाच ना?" त्यांनी विचारलं. तो नव्हता. पण दामूअण्णा हो म्हणाले. आयुष्यात एवढं एक खोटं ते बोलले, आणि त्याला पंच नव्हता.

संध्याकाळी बक्षीस समारंभात मात्र गंमत झाली. राजाने रणधीररावाला शाल दिली आणि चार टाळ्या पडल्या. मग राजा म्हणाला, "पण आज खरा जिंकला तो दामूअण्णा!" आणि अर्धा तास टाळ्या पडत राहिल्या. हरणांच्या डोळ्यांना पाणी आलं. टिटवी कुजबुजत रडली.

दामूअण्णा ओशाळून म्हणाले, "महाराज, फटके मोजायचे होते, ते मोजले. यात काय एवढं?"

यावर तर लोक वेडेच झाले. राजाने तिथल्या तिथे घोषणा केली, की पुढच्या वर्षापासून सगळ्यांत प्रामाणिक खेळाडूला 'सचोटीभूषण' ही पदवी देण्यात येईल. रणधीरराव हे ऐकत होता. अंगावर शाल असूनही त्याला थंडी वाजली.

वर्ष गेलं. पुन्हा अजिंक्यपद आलं.

पहिल्याच बिळावर ससा ओरडला, "गुरुजी, माझा सागरगोटा हलला!"

टाळ्या पडल्या.

"माझा दोनदा हलला!" माकड म्हणालं. जास्त टाळ्या पडल्या.

"माझा गेल्या वर्षीही हलला होता," रानडुक्कर हुंदका देऊन म्हणालं, "आणि मी गेल्या वर्षी खेळलोही नव्हतो!"

मग कुणाचा पायच जमिनीवर ठरेना. फटका मारायच्या आधी प्रत्येक जण दोन-तीन कबुल्या देऊन घ्यायचा. मुंगूस पुढे होता, तो चांगला खेळायचा, पण मागे पडू नये म्हणून तोही झोपेतले फटके मोजायला लागला. बगळे गुरुजींना दुसरा पाय जमिनीला टेकावा लागला. पुस्तकातली पानं संपली, तेव्हा ते पळसाच्या पानांवर लिहू लागले.

रणधीररावाने तर कमाल केली. तो प्रत्येक बिळापाशी गुडघे टेकायचा. "मी फटका मारताना माझ्या मनात अहंकार हलला," तो म्हणायचा. "पाच फटके लिहा!" प्रेक्षकांमधल्या म्हशी पदराने डोळे पुसायच्या. त्याने सगळं कबूल केलं. सतराव्या बिळावर सगुणाबाई जांभळाच्या मुळाकडे बघून मोठ्याने खाकरल्या. तेवढं मात्र त्याला आठवलं नाही.

दामूअण्णा आपले खेळत होते. आता ते वाकायच्या आधी काटे मागे बांधून घ्यायचे.

"तुमचे किती लिहू?" चौथ्या दिवशी गुरुजींनी विचारलं.

"मारले तेवढे."

"आणि हललेले?"

"एकही हलला नाही."

लोकांत चुळबूळ झाली. गुरुजींनी मान जवळ आणली. "नीट आठवा, दामूअण्णा. एखादा तरी? लोक किती लांबून आलेत."

सगुणाबाईही हळूच म्हणाल्या, "अहो, घाला की एखादा. तुमच्याच नावाने सुरू झालंय हे सगळं."

"हललेला हलला म्हणालो होतो ना? मग न हललेला हलला कसा म्हणू?"

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना इतकं हसू आलं, की हातातल्या काठ्या खाली पडल्या.

निकाल लागला. रणधीरराव गवा, एक हजार चार फटके. सचोटीभूषण. खेळात दुसरा आलेला मुंगूस, सहाशे अकरा. आणि दामूअण्णा साळिंदर, दोनशे नव्वद. अजिंक्य.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. राजाने तोंड वाकडं करून हिरवी शाल दामूअण्णांच्या पाठीवर घातली आणि ती तिथल्या तिथे फाटली.

"मागा काय ते," राजा म्हणाला.

"आमचं बीळ."

राजाने दिलं. नियम म्हणजे नियम. त्याच्या जागी मुंगसाच्या बिळाची निवड झाली, अभिनंदन करण्यात आलं, आणि मुंगूस दुसऱ्या दिवसापासून अगदी मनापासून सरावाला लागला.

दामूअण्णा आणि सगुणाबाई त्या पावसाळ्यात कोरड्यात झोपले. बाहेरून आईबाप आपल्या पिल्लांना घेऊन जायचे आणि बिळापाशी आले की आवाज खाली आणायचे.

"इथे तो साळिंदर राहतो," ते सांगायचे. "चार दिवस खेळला, आणि एकदाही काही कबूल केलं नाही. पूर्वी किती सज्जन होता!"

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरं बोलावं. त्याने लगेच नुकसान होतं, पण धीर सोडू नये. आपल्या खरेपणाची शोभा पाहून बाकीचे सगळे खोटं खोटं खरं बोलायला लागेपर्यंत थांबावं. मग जिंकायला फार वेळ लागत नाही. फक्त चांगलं म्हणवून घ्यायची सवय तेवढी आधीच सोडून द्यावी.