खंड्या पाहिलेला नवरा

एका जंगलात, बाळांनो, लग्नाळू मुलाला शिक्षण विचारत नसत, शेतीवाडी विचारत नसत. एकच विचारत, "तिबोटी खंड्या पाहिलात का?"

हा खंड्या म्हणजे ओढ्याकाठच्या दाट झाडीतला एक पक्षी. तो सहसा कुणाला दिसत नसे. तरी ज्याचं ज्याचं लग्न झालं होतं, त्या प्रत्येकानं तो पाहिला होता. कसा, ते विचारू नका. मोठ्यांना असं विचारत नाहीत.

झुंबर नावाच्या साळिंदराचा शेजारच्या गुंजावर जीव होता. गुंजाचाही त्याच्यावर होता. पण झुंबरनं खंड्या पाहिला नव्हता, आणि त्याला खोटं बोलता येत नसे. घरचं वळणच वाईट, दुसरं काय!

साळिंदरं दिवसा झोपतात. हा पठ्ठ्या दिवसा जागा राहून ओढ्याकाठी बसला. जळवा लागल्या, डोळे सुजले. शेवटी एका सकाळी खंड्या आला. पिवळं पोट, निळी पाठ, गाजरासारखी चोच. झुंबरला रडूच फुटलं.

तो तसाच गुंजाच्या घरी धावला. मंडळी जमली. गुंजानं रताळ्याचे काप आणून ठेवले.

"केवढा होता?" गुंजाच्या बाबांनी विचारलं.

"चिमणीहून लहान, मामा."

मंडळी खो खो हसली.

"अहो, मी पाहिला तो मोराएवढा होता!" बाबा म्हणाले.

"माझ्या वेळी तर त्याच्या वजनानं फांदी मोडली," काका म्हणाले.

स्थळ नापसंत झालं. गुंजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतक्यात तोच खंड्या भुर्रकन आला आणि झुंबरच्या पाठीवरच्या काट्यावर बसला.

"मामा, हाच तो! बघा ना!"

बाबांना घाम फुटला. हा जर खंड्या, तर त्यांचा मोराएवढा कोण? आणि मग त्यांच्या लग्नाचं काय?

"डोळे मिटा रे सगळे!" ते ओरडले. सगळ्यांनी घट्ट मिटले. "गुंजे, तुझं लग्न व्हायचंय, तुला धोका नाही. तूच बघून सांग, केवढा आहे?"

गुंजानं त्या इवल्याशा पक्ष्याकडे डोळे भरून पाहिलं. इतकं सुंदर काही तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मोराहून चार बोटं मोठाच आहे."

झुंबर तोंड उघडणार, तोच तिनं त्यात रताळ्याचा काप कोंबला.

"मुलगा पसंत!" डोळे न उघडताच बाबा म्हणाले.

तात्पर्य : पक्षी आपल्या डोळ्यांनी पाहावा, पण त्याचं माप सासऱ्याकडून घ्यावं.